सिमला ऑफिस, कडब्याची गंजी आणि धापा टाकणारी गाय

लहानपणी शिवाजीनगरला बसचा कंडक्टर "सिमला ऑफिस" ओरडायचा तेव्हा मला वाटायचं इथे थंड हवेच्या सहलींचं बुकिंग होत असणार. खूप नंतर कळलं की ते हवामान खातं आहे, १९२८ साली सिमल्याहून मुक्काम हलवून पुण्यात आलं, पुढे १९४४ला मुख्यालय दिल्लीला गेलं तरी बरंचसं काम इथेच राहिलं आणि नाव तर चिकटलंच.

पण ही गोष्ट पुण्यात सुरू होत नाही, दुष्काळात सुरू होते. खात्याची स्थापना १८७५ची, आणि लगेच १८७६ ते ७८ दख्खनमध्ये तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात आपल्या पुणे जिल्ह्यातली पूर्वेची गावं पार होरपळली. मग सरकारला घाई झाली की पाऊस येणार का नाही हे आधीच कळायला हवं (शेतसारा बुडतो ना!). ब्लॅनफर्ड हे तेव्हाचे प्रमुख, त्यांनी हिमालयातल्या बर्फावरून आडाखा बांधला, की बर्फ जास्त तर पाऊस कमी, आणि १८८६पासून रीतसर अंदाज यायला लागला. पुढे १८९९ला, ब्लॅनफर्डनंतरचे प्रमुख, एलियट साहेबांनी चांगला पाऊस सांगितला आणि झाला उलटा प्रकार, मोठा दुष्काळ. त्यांच्यानंतर १९०४ला गिल्बर्ट वॉकर आले, मूळचे गणिती, त्यांनी जगभरातले हवेच्या दाबाचे आकडे जमवून एकमेकांशी ताडून पाहिले आणि त्यातून त्यांना पॅसिफिककडचा दाबाचा झोका सापडला, म्हणजे एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो. आज आपण एल निनोच्या नावानं बोटं मोडतो ना, त्याचं एक मूळ या मान्सूनच्या शोधात आहे.

शेतकरी मात्र तेव्हाही पंचांगच बघत होता. मृगाला वाहन कोल्हा आहे का बेडूक, आणि "पडल्या स्वाती तर पिकतील माणिक मोती". हसू नका, ज्वारीवाल्याला स्वातीचा पाऊस म्हणजे खरंच सोनं, रब्बीला जमिनीत ओल लागते ती तिथूनच.

शेतीसाठी वेगळा विभाग पुण्यात निघाला १९३२ला, रॉयल कमिशननं शेतीची पाहणी करून शिफारस केल्यानंतर. त्याचे कर्तेधर्ते एल. ए. रामदास. या माणसाचं मला फार कौतुक वाटतं, कारण नुसतं आकाशाकडे न बघता ते जमिनीलगत किती गरम, किती गार हे वीत-वीत उंचीवर मोजत बसले. त्यात एक विचित्र गोष्ट निघाली. वारा पडलेल्या निरभ्र रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला टेकून नसते, थोडी वर असते, साधारण फूट-दीड फूट. पुस्तकात बसत नव्हतं म्हणून बरीच वर्षं लोकांनी मानलं नाही, आता त्याला रामदास थरच म्हणतात. म्हणजे हरभऱ्याच्या शेंड्याच्या, नाहीतर बसलेल्या शेळीच्या उंचीला. १९४५पासून शेतकऱ्यांसाठी खास हवामान बुलेटिनही सुरू झालं.

आता माझी तक्रार. या सगळ्यात पीक पहिलं आणि जनावर मागून. खरं तर दुष्काळाचा पहिला घाव दावणीवरच बसतो, माणूस उसनंपासनं करून धान्य आणेल, बैलाला वैरण कुठून आणणार? जुन्या लोकांनी याचा इलाज ज्वारीत शोधला होता, भाकरी माणसाला, कडबा जनावराला, आणि गंजी नीट रचून शाकारली तर पुढच्या वर्षापर्यंत टिकते, घरचा विमाच तो. मग नीरेचा कालवा आला, बारामती-इंदापूरकडं ऊस झाला, पैसा आला (ते नाकारायचं कारण नाही), पण ज्वारी घटली आणि कडब्याच्या जागी उसाचे वाढे (हिरवे शेंडे) आले, जे ओले असतात, ताजेच घालावे लागतात आणि तोडणी संपली की संपतात. मग पाऊस हुकला की थेट चारा छावणी.

दुसरा बदल गायीचा. १९६७ला मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ ही संस्था काढली, संकरित गायी घरोघरी गेल्या, दूध वाढलं. पण खिलार उन्हात नांगर ओढायची जात, आणि संकरात आलेलं एचएफचं (होल्स्टीन फ्रिजियन या विलायती गायीचं) रक्त थंड मुलखातलं, पारा पंचवीस-सव्वीसच्या वर गेला की तिचा त्रास सुरू. आपल्याकडं एप्रिलात चाळीस!

थंडीचंही तसंच. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडं रात्रभर अवकाळी पाऊस आणि गार वारं, उघड्या रानात बसवलेल्या मेंढ्या भिजून काकडून मेल्या, धनगरांचे वाडेच्या वाडे बसले. मेंढी कोरड्या थंडीला डरत नाही, लोकर भिजली की संपलं.

२०१९ला हवामान खात्याचं शेतकऱ्यांसाठीचं मेघदूत ॲप आलं, मंगळवार-शुक्रवार सल्ला येतो, त्यात पिकाखाली जनावरांच्याही दोन ओळी असतात. इंदापूरला माझ्या मावसभावाकडं आहे ते. पण मे महिन्यात दुपारी दोनला तो मोबाईल बघत नाही, गायीची कूस बघतो. कूस भात्यासारखी हलायला लागली, जीभ बाहेर, गव्हाणीत कुट्टी तशीच, की उठून पत्र्याखाली बांधलेली गोणपाटं भिजवतो. गोणपाट टाकायला उशीर झाला त्या संध्याकाळी दुधाची बादली पाव रिकामीच राहते म्हणाला.