पॉप-टॉप बसवलं तरी लॉगबुकात ‘मोटर कॅरव्हॅन’ का येत नाही (ब्रिटनमधला अर्ज)

ब्रिटनमध्ये व्हॅनचा कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) करणाऱ्या बऱ्याच जणांचा हिशोब असा असतो, की फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर व्हॅन घ्यायची, छत कापून पॉप-टॉप (हवं तेव्हा वर उचलायचं, एरवी मिटवायचं छत) बसवायचं, आत बेड-किचन करायचं आणि लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र) डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, पाठवलं की त्यातला बॉडी टाइप ‘मोटर कॅरव्हॅन’, म्हणजे अधिकृत कॅम्पर, होऊन घरी येईल. घरी येतं ते ‘व्हॅन विथ साइड विंडोज’. मग लोक चिडून विचारतात, अहो एवढे हजारो पौंड घालून बसवलेलं छत तुम्हाला दिसलं नाही का? दिसलं ना. पण ते मोजतच नाहीत.

घोडं पेंड खातं ते इथेच. डीव्हीएलए बाहेरून दिसणाऱ्या कायमच्या खुणा बघते : एका बाजूला किमान दोन खिडक्या (ड्रायव्हर-पॅसेंजरच्या दाराच्या धरत नाहीत), राहायच्या भागात जायला वेगळं दार, दोन्ही बाजूंना कॅम्परसारखे ग्राफिक्स, ऑनिंग (बाजूला ताणायचं सावलीचं कापड) लावायचा बार, आणि हाय-टॉप, म्हणजे कायमचं उंच छत. या शेवटच्या मुद्द्यापुढेच स्पष्ट लिहिलंय की वर उचलणारं पॉप-टॉप यात येत नाही. लोक ‘छत’ एवढंच वाचतात आणि पुढे जातात.

कारण त्यांच्या मते गाडी रस्त्यावर चालत असताना लांबून पोलिसाला बघताक्षणी कळलं पाहिजे की हा कॅम्पर आहे, आणि पॉप-टॉप मिटलेलं असलं की गाडी साध्या व्हॅनसारखीच दिसते. तर्क एकवेळ समजू शकतो. पण फॅक्टरीतून किचनसकट येणाऱ्या फोक्सवॅगन कॅलिफोर्नियाला तसंच मिटणारं छत असतं, तिला टाइप अप्रूव्हलमुळे (कंपनीने मॉडेलसाठी आधीच घेतलेल्या सरकारी मंजुरीमुळे) पहिल्या दिवसापासून मोटर कॅरव्हॅन म्हणतात, आणि शेजारी उभ्या तुमच्या गाडीला नाही. यावर वाद घालून काही हाती लागत नाही, तो वेळ फोटो नीट काढण्यात घालवा.

म्हणून छत निवडताना लॉगबुकातला शब्द डोक्यातून काढा. फक्त त्या शब्दासाठी हाय-टॉप बसवणारे आहेत, आणि मग कार पार्कच्या उंचीच्या दांडीखालून गाडी जात नाही म्हणून दर वेळी लांब कुठेतरी लावून चालत येतात. पॉप-टॉप घ्यायचंच असेल तर तुमच्या आतल्या मांडणीकडे बघून घ्या : बिजागरी मागे असली की छत पुढून उंच होतं, म्हणजे पुढच्या सीटच्या मागे सरळ उभं राहता येतं, बिजागरी पुढे असली की उलटं. शॉर्ट आणि लाँग व्हीलबेसची छतं वेगळी असतात. आणि छतातल्या आडव्या पट्ट्या कापल्या जातात, त्यांची ताकद भरून काढणाऱ्या फ्रेमची चाचणी झालीय का आणि तिचे कागद हातात देणार का, हे अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी विचारा. ‘काही होत नाही हो’ असं उत्तर मिळालं तर दुसरा फिटर बघा.

कागदपत्रं फार नाहीत. मूळ व्ही५सी (म्हणजे लॉगबुक, त्यात बॉडी टाइपचा बदल लिहून), भरलेली व्ही१००६ ही डीव्हीएलएची चेकलिस्ट, आणि आतबाहेरचे फोटो.

फोटोतच लोक मार खातात. टेबल काढून कपाटामागे ठेवलेलं असतं आणि फोटोत टेबलच नाही. टेबल काढता येणारं असलं तरी चालतं, पण त्याचं माउंटिंग पक्कं बसवलेलं हवं, तर ते माउंटिंग जवळून दाखवा आणि टेबल लावूनही एक फोटो काढा. शेगडी सुटी ठेवलेली चालत नाही, निदान एक बर्नर किंवा मायक्रोवेव्ह तरी फिक्स हवा, कपाटही फिक्स हवं. बेडसाठी वरच्या छतातल्या बेडवर भिस्त ठेवू नका, खालच्या सीटचा बेड उघडून तो जमिनीला कसा बोल्ट केलाय ते दिसू द्या. खिडक्यांचं मात्र सोपं आहे, सरकत्या दाराची एक आणि तिच्या मागची एक अशा दोन होतात. ग्राफिक्स एकाच बाजूला लावून दुसऱ्या बाजूचा फोटो न पाठवणारे महाभागही आहेत. बाहेरच्या फोटोंत नंबर प्लेट वाचता येऊ दे. आणि यादी अधूनमधून बदलू शकते, म्हणून पाकीट बंद करायच्या आधी सरकारी साइटवर एकदा परत वाचा, कोणी दोन वर्षांपूर्वी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

उन्हाळ्यात फेरीने फ्रान्सला जायचंय आणि त्याच्या तोंडावर व्ही५सी स्वान्सीला (डीव्हीएलएच्या ऑफिसला) पोस्ट केलं, असं प्लीज करू नका. गाडी देशाबाहेर नेताना ते जवळ असावं लागतं, आणि ते कधी परत येईल हे तुमच्या हातात नाही. पाठवायच्या आधी सगळ्या पानांची कॉपी काढून ठेवा.

कोरी, अजून नोंदणीच न झालेली व्हॅन घेऊन तिचं छत कापणार असाल तर प्रकरण वेगळं, तिथे नोंदणीआधी अप्रूव्हलचा प्रश्न येतो, सो कन्व्हर्टरशी ते आधीच बोलून घ्या.

नाकारलं तर? टॅक्स आणि इन्शुरन्स यांचा बॉडी टाइपच्या शब्दाशी संबंध नाही असं डीव्हीएलए स्वतःच म्हणते, त्यामुळे झोप उडवून घेण्यासारखं काही नाही. पण म्हणून कळवायचंच नाही असं नका करू, लॉगबुकातली माहिती चुकीची ठेवली तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नकार आला तरी तुम्ही कळवलंय हे नोंदलं जातं.

इन्शुरन्सवाल्याला मात्र लॉगबुकात काय लिहिलंय यापेक्षा छत कापलंय हे कळणं जास्त महत्त्वाचं आहे. काही कंपन्या कन्व्हर्जन पूर्ण करायला मुदत देतात, काही आतले फोटो मागतात, काही सरळ नाही म्हणतात, आणि हे सगळं छत कापून झाल्यावर कळलं तर गाडी दारात उभी आणि पॉलिसी हवेत. फोन फिटरकडे तारीख घ्यायच्या आधी करा, आणि काय ठरलं ते ईमेलवर लिहून घ्या.