जुनी फ्रेंच रेकॉर्ड म्हणजे घबाड?

‘साठच्या दशकातली फ्रेंच प्रेमगीतांची रेकॉर्ड सापडली तर लाखाचा ऐवज’ हा निरोप वर्षानुवर्षे फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, पण नुसत्या वयाने किंमत ठरत नाही. त्या काळी फ्रान्समध्ये फोटोच्या पाकिटातली, ७ इंची, चार गाण्यांची ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, सर्रास खपायची. म्हणून गाजलेल्या गायकांच्या प्रती आजही ढिगाने मिळतात. दुर्मीळ असतात त्या बहुधा न खपलेल्या.

पाकिटामागे ‘देपो लेगाल’ (कायद्याने प्रत जमा केल्याची फ्रेंच नोंद) या शब्दांपुढे तिमाही आणि वर्ष छापलेलं असलं, तर ते पाकिटाचं, तबकडीचं नव्हे. तबकडीची ओळख पटवायला लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यातला कोरीव क्रमांक लेबलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. मग तिरप्या उजेडात चरे शोधा. नख अडकलं तर वाजवताना बहुधा टकटक ऐकू येणार. आणि किंमत धरायची ती प्रत्यक्ष विक्रीची, मागितलेली नव्हे.