केबिन फिल्टर : निगा आणि उंदरांपासून बचाव (खानदेश)

मोटारीच्या ब्लोअरने (एसीची हवा ढकलणारा पंखा) आत ओढलेली हवा गाळणारी, घड्या घातलेल्या कृत्रिम धाग्यांच्या न विणलेल्या कापडाची चौकट. परिभाषेत ‘निस्यंदक’ हा शब्द आहे, पण गॅरेजात तो कोणी उच्चारत नाही. तेथे ‘एसीचा फिल्टर’ म्हणतात, क्वचित ‘पोलन फिल्टर’. इंजिनाच्या एअर फिल्टरशी याचा संबंध नाही. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. वायपरखालच्या जाळीतून (काऊल) हवा शिरते, आतली की बाहेरची हवा घ्यायची ते ठरवणाऱ्या झडपेवरून, फिल्टरमधून ब्लोअरकडे जाते आणि तेथून कूलिंग कॉइलवर.

उगम : पहिला केबिन फिल्टर कोणाचा, यावर एकमत नाही. अमेरिकेतील नॅश कंपनीने 1938 च्या सुमारास बाहेरची ताजी हवा तापवून आत सोडणारी व्यवस्था आणली व तीत बदलता येणारा फिल्टर होता. काही लेखक त्यावरून मान नॅशला देतात. स्वीडनच्या साब कंपनीचा दावा 1978 मध्ये आलेल्या ‘साब 900’ मॉडेलवर उभा आहे. तिसरे मत जर्मन पुरवठादारांच्या बाजूचे आहे : 1980 च्या दशकाच्या अखेरीस विद्युत्भारित धाग्यांचे फिल्टर मोठ्या प्रमाणावर बसू लागले, तोच खरा आरंभ, असे ते मानतात. वाद बराचसा व्याख्येचा आहे. नॅशची व्यवस्था मुळात थंडीत ऊब देण्यासाठी होती आणि तीतील फिल्टर हे दुय्यम अंग होते. प्रवाशाच्या श्वासासाठी मुद्दाम बसवलेला भाग असा अर्थ घेतला, तर 1978 हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते; आज वापरात असलेले कापड मात्र तिसऱ्या टप्प्यातले. चाचणीसाठी आयएसओ 11155 हे मानक आहे; त्याचा भाग 1 कणांसाठी आणि भाग 2 वायूंसाठी. भारतात फिल्टर एसीच्या मागोमाग आला. खालच्या श्रेणीच्या अनेक गाड्यांत फिल्टरची जागा असते, फिल्टर नसतो. काहींत तर त्या जागेवरची प्लॅस्टिकची भिंत पातीने कापून तो बसवावा लागतो.

गाळण्याची रीत : जाड कण धाग्यांवर आपटून अडकतात, बारीक कण धाग्यांवरील विद्युत्भारामुळे ओढले जातात. म्हणून साबणपाणी, स्पिरिट किंवा पेट्रोलने धुतलेला फिल्टर दिसायला स्वच्छ, पण बारीक धुळीपुरता जवळजवळ निकामी होतो. वॉशिंग सेंटरवर ‘धुऊन दिला’ म्हणून मिळालेल्या फिल्टरचे समाधान तेवढेच. कोळशाचा थर असलेला करडा-काळा फिल्टर वासही धरतो, मात्र कोळसा एकदा भरला की झटकून वा उन्हात ठेवून मोकळा होत नाही.

खानदेशातील धूळ : जळगाव, धुळे व (1998 पासून स्वतंत्र) नंदुरबार या जिल्ह्यांत फिल्टरवर तीन प्रकारचा मळ बसतो. उन्हाळ्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ, भुसावळजवळील दीपनगर परिसरात औष्णिक केंद्राची राख, आणि ऑक्टोबरपासून जिनिंग व कापसाच्या वाहतुकीतून उडणारा तंतू. पहिल्या दोहोंनी घड्या भरतात. तंतू मात्र वरच्या बाजूला नमद्यासारखा थर धरतो व त्याखाली फिल्टर अर्धा कोरा असतानाही हवा अडते. असा थर हाताने सोलून निघतो. बदलण्याआधी तेवढे पाहावे. जळगावातील डाळमिलांच्या आसपास टरफलांचा बारीक चुरा हा आणखी एक घटक.

पुस्तिकांत बदलाची मुदत साधारण 10 ते 15 हजार किमी किंवा एक वर्ष अशी असते. तापी-गिरणा खोऱ्यातील कच्च्या रस्त्यांवर 5 हजार किमीला तपासणी करावी. शिवाय जूनपूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर कापूस घरात आल्यावर एकदा. फिल्टर तुंबल्यास हवा कमी येते. तिसऱ्या-चौथ्या स्पीडवर ब्लोअरचा आवाज मोठा, झोत लहान, हे पहिले लक्षण. कॉइलवरून पुरेशी हवा न गेल्याने तिच्यावर बर्फ धरू शकतो, आणि 44-45 अंशांच्या दुपारी गॅस कमी झाल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. गॅस भरण्याआधी फिल्टर काढून पाहणे हा फुकटचा उपाय आहे.

काढणे व बसवणे : कप्पा रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अडसर सुटतात. बाजूला दोरी किंवा छोटा डॅम्पर (कप्पा हळू उघडू देणारा दांडा) असल्यास तो आधी काढावा. घाईत तोच तुटतो. मागे आडवे झाकण, दोन्ही टोकांना क्लिपा. फिल्टर सरळ ओढावा. वाकडा केल्यास वर साचलेला पालापाचोळा थेट ब्लोअरच्या पंख्यात पडतो व मग टकटक सुरू होते. चौकटीवरील बाण हवेच्या दिशेचा असतो. ब्लोअर फिल्टरच्या खाली असलेल्या रचनेत तो खाली येतो. नुसती झटकण करायची असेल तर कॉम्प्रेसरचा दाब 2 बारच्या आत ठेवून, 15 सेंमी अंतरावरून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे फुंकर द्यावी. उलट दिशेने मारल्यास धूळ कापडात आणखी खोल रुतते. टायरवाल्याच्या नळीने अगदी जवळून मारलेल्या हवेने घडीला बारीक चीर पडते, आणि चीर पडलेला फिल्टर नसल्यातच जमा.

उंदीर : या भागात फिल्टर केवळ धुळीने नव्हे, उंदरांनीही बाद होतो. घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) हीच गुन्हेगार, अशी सर्वसाधारण समजूत. पण ती मुख्यतः बिळे करणारी आहे. वर चढण्यात काळा घरउंदीर (रॅटस रॅटस) सरस, आणि वायपरखालच्या जाळीतून शिरण्याइतकी लहान असते ती उंदरी (मस मस्क्युलस). फिल्टरवरील घरट्यांचा दोष या दोघांकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते. उंदरी सुमारे 6 मिमी छिद्रातूनही जाते. तिचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असल्याने महिनाभर उभी राहिलेली गाडी पिल्लांसह मिळू शकते.

ऋतूचा संबंध स्पष्ट आहे. भाव येईपर्यंत कापूस घरात, ओट्यावर किंवा पडवीत रचून ठेवण्याची चाल जामनेर-पारोळा पट्ट्यात रूढ आहे, आणि गाडीही तेथेच लागते. अशा गाडीच्या फिल्टरवरचे घरटे ओळखू येते : मधोमध वाटीएवढा खळगा, भोवती ओढून आणलेला पांढरा कापूस, त्यात अर्धवट कुरतडलेली सरकी, आणि फिल्टरच्या त्याच कोपऱ्याच्या घड्या कातरून घरट्यात मिसळलेल्या. रावेर-यावलकडे कापसाच्या जागी केळीच्या वाळल्या पानांचे दोरे सापडतात. धुळ्याकडील हिवाळ्यात पारा 10 अंशांखाली गेला की रात्री इंजिनाची ऊब हे आणखी एक आमिष.

वायरी कुरतडण्याविषयी एक आधुनिक मत आहे, की त्यांच्या आवरणात सोयाबीनपासून बनलेला घटक आल्याने उंदीर आकर्षित होतात. अमेरिकेत यावरून खटलेही झाले. परंतु जुन्या पीव्हीसी आवरणाच्या वायरीही कुरतडल्या जात. समोरचे दात आयुष्यभर वाढत राहतात व झिजवावे लागतात, हे कारण पुरेसे वाटते.

बचाव : पहारा फिल्टरवर नव्हे, हवेच्या तोंडावर बसवावा. काऊलचे प्लॅस्टिक काढून आतल्या तोंडावर स्टेनलेस स्टीलची 5 मिमी छिद्रांची जाळी, कडा आत दुमडून, स्क्रू व वायसरने घट्ट करावी. प्लॅस्टिकची मच्छरजाळी एका रात्रीत कुरतडली जाते, आणि लोखंडी बारीक मच्छरजाळी दोन महिन्यांत धुळीने बुजते. काऊलच्या दोन्ही टोकांची पाणी निचऱ्याची भोके मात्र बुजवू नयेत. जुलैत पाणी तुंबून ब्लोअरमध्ये उतरते. दुसरा उपाय बिनखर्ची आहे : गाडी बंद करण्यापूर्वी हवा ‘आतल्या आत’ फिरण्याच्या स्थितीत ठेवणे. त्याने बाहेरची झडप मिटते आणि जाळीतून आलेला उंदीर फिल्टरपर्यंत पोचत नाही. हाताच्या दांडीच्या एसीत झडप तशीच राहते. बटणाच्या एसीत काही गाड्या बंद होताना ती पुन्हा उघडतात, हे एकदा तपासून घ्यावे. गाडी चाऱ्याच्या गंजीपासून आणि कापसाच्या ढिगापासून दूर लावावी, व आत शेंगदाणे-फुटाण्यांची पुडी ठेवू नये.

बोनेटखाली तंबाखूची पाने ठेवण्याचा प्रघात आहे. वास असेतो काही परिणाम होतो, इंजिनाच्या उष्णतेने पाने वाळली की उरतो तो कचरा. डांबरगोळ्या काऊलजवळ ठेवल्यास त्यांची वाफ ब्लोअरवाटे थेट नाकात जाते. वायरींवर डिझेल चोपडणे आगीला निमंत्रण. झिंक फॉस्फाइडचे आमिष शेतातल्या बिळांसाठी आहे, गाडीसाठी नव्हे : पोटातील आम्लाशी त्याचा विषारी फॉस्फीन वायू होतो, शिवाय विष खाल्लेला उंदीर नळीत मेला तर डॅशबोर्ड उघडावा लागतो. पिंजरा गाडीबाहेर, चाकाशेजारी भिंतीला लागून लावावा. उंदीर भिंतीच्या कडेने चालतात.

घरटे सापडल्यावर : ब्लोअर सुरू करून ‘उडवून लावणे’ ही सर्वात महाग चूक. लेंड्या, केस आणि वाळलेले मूत्र त्याने केबिनभर पसरते. लेप्टोस्पायरोसिससह अनेक रोगांचा संबंध उंदरांच्या मलमूत्राशी आहे. दारे उघडून अर्धा तास वारा खेळू द्यावा, हातमोजे व मास्क घालावा. घरगुती ब्लीच 1 भाग व पाणी 9 भाग असे मिश्रण घरट्यावर शिंपडून पाच मिनिटे मुरू द्यावे, मग ओल्या कागदाने उचलून पिशवीत बांधावे. कोरडी झाडणी किंवा घरगुती व्हॅक्यूम नको. फिल्टर वाचवू नये, फेकावा. हे मिश्रण कूलिंग कॉइलवर मारू नये, ॲल्युमिनियम खाते. तेथे कॉइलसाठीचा फेस वापरावा. वास राहिल्यास ब्लोअर उतरवावा. बहुतेक गाड्यांत तो तीन स्क्रू आणि एका कनेक्टरवर असतो. त्याच्या पिंजऱ्यासारख्या चाकाच्या पात्यांत अडकलेले केस जुन्या दातघासणीने निघतात.

ट्रॅक्टर : बंद केबिनच्या ट्रॅक्टरांत फिल्टर बहुधा छताच्या कडेला असतो आणि काढणे सोपे. मात्र साधा धूळ-फिल्टर फवारणीच्या औषधाची वाफ अडवत नाही. युरोपीय मानक ईएन 15695 मध्ये केबिनचे चार वर्ग असून धूळ, तुषार आणि वाफ या तिन्हींपासून संरक्षण फक्त चौथ्या वर्गात मिळते.