वर्षाचं धान्य भरणं (सोलापूर)

वर्षभर लागणारी ज्वारी, तूरडाळ, काळं तिखट, पापड-कुरडया असलं सगळं उन्हाळ्यात एकदाच भरून ठेवायचं आणि बाकीचं घर आठवड्याच्या हप्त्यावर ओढायचं, ही सोलापूर शहरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या बेताच्या मिळकतीच्या घरांची घरखर्चाची पद्धत. बेगमी असंही म्हणतात. महाराष्ट्रात इतर ठिकाणी ही रीत नाही असं नाही, पण सोलापुरात तिला दोन गोष्टींमुळं वेगळं वळण मिळालं. एक म्हणजे इथलं मुख्य पीक रब्बी ज्वारी, ती वर्षातून एकदाच येते. दुसरं, शहरातली मिळकत गिरणी, यंत्रमाग आणि विडी यांवरची, म्हणजे आठवड्याला हातात पडणारी आणि पुष्कळदा कामाच्या नगावर मोजली जाणारी. पैसा येतो थेंबाथेंबानं आणि खर्च येतो गठ्ठ्यानं, तेव्हा इथली काटकसर म्हणजे कमी खाणं कमी आणि पैशाची वेळ जुळवणं जास्त, असं प्रस्तुत नोंदीत धरलंय.

उगमाबद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. पहिलं मत दुष्काळाचं. जिल्ह्यात पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा, म्हणून लोक साठवायला शिकले असं म्हणतात आणि लगेच मंगळवेढ्याच्या संत दामाजीपंतांचं नाव घेतात, ज्यांनी बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांना खुली केली. इथं कालनिर्णयाची जरा अडचण आहे. लोककथेत हा दुष्काळ दुर्गादेवीचा. पण दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेनं १३९६ पासून पुढं बारा वर्षं धरतात आणि त्या काळात बहमनी राजधानी गुलबर्ग्याला होती, बिदरला ती गेली साधारण १४२५ ते १४३२ च्या दरम्यान. म्हणजे कथेतला बिदरचा बादशहा खरा मानायचा तर दुष्काळ दुर्गादेवीचा असू शकत नाही आणि दुर्गादेवीचा दुष्काळ खरा मानायचा तर बादशहा बिदरचा नाही. म्हणून पंधराव्या शतकाच्या मध्यानंतरचा, १४६० च्या किंवा त्याच्या थोड्या पुढच्या एखाद्या दुष्काळाशी ही कथा जोडणं जास्त बरं वाटतं, आणि तसं जोडण्याची जुनी पद्धतही आहे. दोन दुष्काळांच्या आठवणी एकात मिसळल्या असाव्यात. काही असो, घरगुती साठवणीच्या उगमाला या कथेचा फारसा उपयोग नाही, कारण दामाजीपंतांचं कोठार सरकारी वसुलाचं होतं, कुणाच्या स्वयंपाकघरातलं नव्हे.

दुसरं मत गिरण्यांचं. शहरातली जुनी गिरणी (तिचं नावच पुढं हे पडलं) १८७७ ची, म्हणजे १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळातच उभी राहिली आणि गावं सोडून आलेली माणसं कामाला लागली. पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, पूर्व भागात हातमाग आणि नंतर यंत्रमाग बसले. शेत सुटलं पण सुगीला धान्य घरात आलंच पाहिजे ही सवय सुटली नाही, आणि गावाकडच्या भावाकडून, मेव्हण्याकडून ज्वारीची पोती येत राहिली, असं हे मत. ते जास्त पटतं. दुष्काळाच्या भीतीनं साठवायचं तर दोन-तीन वर्षांचं साठवलं असतं, पूर्वी गावात पेवं तशीच भरत. शहरात मात्र बरोबर एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंतचंच भरतात. माप भीतीचं नाही, पिकाच्या चक्राचं आहे.

पेवाबद्दल थोडं सांगायला पाहिजे. घट्ट मुरमाड जागेत तोंडाला अरुंद आणि आत रुंद असा खोल खड्डा, आतून कडबा, भुसा लावलेला, तोंड बंद करून वर माती. आत हवा जात नाही, धान्याच्या श्वसनानं प्राणवायू संपतो आणि कीड जगत नाही, हे त्याचं शास्त्र. त्याच कारणानं पेव उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं, तोंड बराच वेळ उघडं ठेवून मगच माणूस उतरवायचा, नाहीतर गुदमरून जीव जातो. शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत पेव कुठलं. तिथं पत्र्याची कोठी आली आणि कोठीत हवा खेळते, म्हणून मग बाकीचे उपाय आले. ज्वारी कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवायची, दाताखाली कटकन फुटली की वाळली, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरायची (गरम भरली की आत वाफ धरते आणि जाळी होते), मधे मधे कडुलिंबाचा पाला. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. हल्ली किराणा दुकानात पारद टिकड्या मिळतात, त्या कापडात बांधून ठेवतात. ज्वारी घ्यायची ती मालदांडी. जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकापासून चालत आलाय आणि संकरित वाण इतके येऊनही भाकरीला हीच लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, त्याचा घेणाऱ्याच्या खिशाला काय फायदा ते विचारू नये.

आता हिशोब. पाच माणसांचं घर, दिवसाला किलोभर पीठ धरलं तर वर्षाला ३६५ किलो, म्हणजे शंभर किलोची साडेतीन पोती आणि वर थोडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवीन ज्वारी बाजारात येते तेव्हा भाव उतरलेला, पावसाळ्यानंतर चढलेला. हा फरक किलोला ८ रुपये धरू, सोयीसाठी खरेदीचा भाव ४० धरू. ३५० किलोचे १४,००० रुपये झाले आणि वाचले २,८०० असं दिसतं. पण १४,००० एकदम कुठून आणायचे? खाजगी उसने महिना शेकडा ३ नं घेतले आणि आठ महिन्यांत सारख्या हप्त्यानं फेडले तर व्याजच १,८९० रुपये होतं. वर पाच टक्के ज्वारी किडीत, चाळणीत गेली तर ७०० चा माल गेला. राहिले २१०. आणि तेही पूर्ण खरे नाहीत, कारण ८ रुपयांचा फरक फक्त शेवटच्या महिन्यांत खाल्लेल्या ज्वारीवर मिळतो, मार्च-एप्रिलमध्ये जी खाल्ली ती तशीही स्वस्तातच मिळाली असती. हे आकडे नमुन्याचे आहेत, भाव दरवर्षी हलतो, पण मुद्दा हलत नाही : कर्ज काढून भरलेलं धान्य स्वस्त पडत नाही. स्वतःचे पैसे साठवून भरलं तरच पडतं. जाणत्या बायका हे गणित न मांडताही करतात, पूर्ण पैसे नसले की दोनच पोती भरतात आणि बाकीची दिवाळीच्या बोनसवर सोडतात.

म्हणून धान्य भरण्यामागं दुसरी एक यंत्रणा लागते ती पैसे भरण्याची. भिशी सगळ्यांना माहितीय. सोलापुरात भिशीचा नंबर कुणाला कुठल्या महिन्यात हवा यावर बोलणी होतात आणि मार्च-एप्रिल (धान्य, तिखट), जून (शाळा) आणि दिवाळीच्या आधीचा महिना यांना मागणी असते. चिठ्ठी टाकून नंबर काढायची भिशी वेगळी आणि बोली लावायची वेगळी. बोलीत जो गरजू तो जास्त तोटा सोसून आधी उचलतो, म्हणजे व्याजच ते, नाव नाही एवढंच. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरांत चिट म्हणतात. नोंदणी केलेल्या चिट फंडांना १९८२ चा केंद्राचा कायदा लागू आहे, गल्लीतली भिशी मात्र विश्वासावरच चालते. पिग्मी, बचत गट, पतसंस्था हे नंतर आले. पिग्मीचा एजंट रोज दारात येतो आणि दहा-वीस रुपये नेतो. त्यावर व्याज फारसं पडत नाही, पण पैसा घरातनं बाहेर जातो आणि बाहेर गेलेला पैसा खर्च होत नाही, याच्यासाठीच लोक पिग्मी भरतात.

विडीच्या कामाचं निराळं. हजार विड्यांवर मजुरी, पान-तंबाखू कारखान्याचा, काम घरी बसून आणि करणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यामुळं पूर्व भागातल्या कितीतरी घरांत नियमित येणारा पैसा बाईचा असतो आणि यंत्रमागावरच्या पुरुषाचा येतो-जातो, मंदी आली की माग बंद. गिरण्या तर गेल्याच. जुनी गिरणी १९६३ मध्ये बंद पडली, लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात. घराचं बजेट कुणाच्या हातात हा प्रश्न त्यामुळं सोलापुरात इतर शहरांपेक्षा आधी सुटला असं म्हणता येईल.

घरखर्च मोजण्याच्या इतिहासात सोलापूरचं नाव बरंच जुनं आहे, आणि हे सोलापूरकरांनाच फारसं माहिती नसतं. मुंबई सरकारचं कामगार कार्यालय १९२१ चं. त्यानं मुंबई, अहमदाबादबरोबर सोलापुरातल्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांचे जमाखर्च १९२० च्या दशकात गोळा केले आणि त्यावर राहणीमान खर्चाचा निर्देशांक बांधला, ज्याचा आधार फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ ही बारा महिन्यांची सरासरी १०० अशी धरली होती. पुढं श्रम ब्युरोच्या औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात १९६० च्या मालिकेच्या ५० केंद्रांत (जिथले भाव गोळा करतात ती गावं), १९८२ च्या ७० केंद्रांत, २००१ च्या ७८ केंद्रांत आणि २०१६ च्या ८८ केंद्रांत सोलापूर आहेच. किमान वेतनावरचा विशेष भत्ता असल्या निर्देशांकावर हलतो, तेव्हा ही नुसती आकडेमोड नाही. देशपातळीवर या निर्देशांकात अन्नाचं वजन, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, २००१ च्या मालिकेत ४६ टक्क्यांच्या वर होतं, २०१६ च्या मालिकेत ३९ वर आलं. मिळकत वाढली की अन्नावरच्या खर्चाचा वाटा घटतो हा एंगेलचा १८५७ चा नियम इथं लावतात. तो ढोबळ बरोबर आहे, पण शाळेची फी, मोबाईल, दवाखाना वाढला म्हणूनही अन्नाचा वाटा घटतो, त्यात घर सुधारलं असं काही नसतं.

एक तांत्रिक भानगड मात्र वर्षाच्या धान्यामुळंच होते. पाहणीवाला येऊन विचारतो की गेल्या ३० दिवसांत काय खर्च झाला. एप्रिलमध्ये आला तर ज्वारीवर १४,०००, ऑगस्टमध्ये आला तर शून्य. दोन्ही चूक. म्हणून धान्याच्या बाबतीत किती विकत घेतलं ते न धरता किती खाल्लं ते धरतात, साठ्यातलं असलं तरी, आणि गावाकडून फुकट आलेल्या पोत्यालाही किंमत लावतात. कपडे, चपला, शाळेचा खर्च या गोष्टींचं काय? राष्ट्रीय नमुना पाहणीत १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत असल्या क्वचित होणाऱ्या खर्चासाठी फक्त ३६५ दिवसांचीच आठवण विचारली, आणि गरिबीचे आकडे मागच्या फेऱ्यांशी जुळेनात म्हणून मोठा वाद झाला. त्या वादाचा मुख्य रोख अन्नाचा खर्च ७ आणि ३० दिवस अशा दोन्ही मुदतींसाठी विचारला त्यावर होता हे खरं. पण आपल्या विषयापुरतं बघायचं तर ३६५ दिवसांचा प्रश्नच सरस, कारण सोलापूरच्या घरात दिवाळीचे कपडे, जूनच्या वह्या आणि जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा या तिन्ही गोष्टी कुठल्याही एका महिन्याच्या खिडकीतून दिसत नाहीत. आठवणीतला खर्च कमी सांगितला जातो हा आक्षेप राहतोच.

रोजच्या ताटाबद्दल फार लिहायची गरज नाही. भाकरी, शेंगाचटणी, डाळ, लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उतरलेल्या भावाची भाजी. कडक भाकरी पातळ थापून पूर्ण कोरडी भाजतात, पाणीच उरत नाही म्हणून ती कित्येक दिवस टिकते. पूर्वी ती काटकसर होती, आता पाकिटात घालून विकतात आणि ताज्या भाकरीपेक्षा महाग मिळते. पाणी नळाला काही दिवसांच्या अंतरानं येतं, तेव्हा पिंपं, टाकी हासुद्धा घरखर्चाचाच भाग.

रेशनमुळं गणित बदललंय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून ते मोफत. मिळतं ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. पाच माणसांच्या घराला महिना २५ किलो म्हणजे वर्षाला ३०० किलो, जवळपास वर केलेल्या ज्वारीच्या हिशोबाएवढंच. तरी ज्वारी भरणं थांबलेलं नाही, पोती साडेतीनावरून दोन-दीडवर आली, चपात्या वाढल्या, आणि म्हाताऱ्यांसाठी व साखरेच्या आजारवाल्यांसाठी भाकरी राहिली. कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांसाठी झालेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आणि रे नगरमध्ये (तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या) भाडं वाचतं, पण विडीचा माल, शाळा, बाजार यासाठी शहरात यायचा रिक्षा-बसचा खर्च नव्यानं बसतो, आणि तो वर्षाचा एकदम भरून ठेवता येत नाही.