घरचे दही, प्रोबायोटिक आणि आतड्याची प्रतिकारशक्ती : पार्श्वभूमी

कोल्हापुरात म्हशीच्या दुधाला तोटा नाही. गंगावेशीत धारोष्ण दूध पिण्याची तालमीच्या दिवसांतली सवय टिकून आहे. १९६३ मध्ये जिल्ह्याचा सहकारी दूध संघ उभा राहिला आणि खेड्यापाड्यांतल्या गोठ्यांना हक्काची बाजारपेठ मिळाली. विरजण लावलेले कवडीदार दही आणि दुकानातून आणलेला ‘प्रोबायोटिक’ (म्हणजे शरीराला उपयोगी जिवंत जीवाणू असलेला) छापाचा डबा आता एकाच फ्रीजमध्ये असतात आणि दोन्हींमुळे पोटाची प्रतिकारशक्ती वाढते, असे सांगितले जाते. हे दोन्ही एकाच पारड्यात टाकता येत नाहीत, आणि त्याचे कारण गेल्या पंचवीस वर्षांतल्या निर्णयांत आहे.

त्याआधीचे थोडक्यात. १९०५ मध्ये एका बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात आपल्याकडच्या दह्यातला जीवाणू वेगळा काढला. पॅरिसमधल्या एका रशियन शास्त्रज्ञाने बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध या दह्याशी जोडला. त्याला १९०८ चे नोबेल मिळाले ते प्रतिकारशक्तीवरच्या, जंतू गिळणाऱ्या पेशींच्या संशोधनाबद्दल. दह्याची महती सांगताना हा फरक बहुधा गाळला जातो. पुढे १९२० च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले की हा जीवाणू माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही. १९३० मध्ये एका जपानी डॉक्टरने जठरातले आम्ल आणि पित्त यांतून तगणारा जीवाणूचा वाण, म्हणजे एकाच प्रजातीतला उपप्रकार, निवडला आणि पाच वर्षांनी त्याचे आंबवलेल्या दुधाचे पेय विक्रीला आले.

वस्ती होत नसेल तर परिणाम कसा होतो? लहान आतड्याच्या अस्तरात प्रतिकार पेशींचे पुंजके असतात. त्यांच्यावरच्या खास पेशी आतड्यातून जाणाऱ्या जीवाणूंचे नमुने उचलून आत पोचवतात. ते तपासून शरीर आयजीए हे प्रतिपिंड (जंतूंना धरून निष्प्रभ करणारे प्रथिन) तयार करते आणि ते श्लेष्मात मिसळून जंतूंना अस्तराला चिकटू देत नाही. काही वाण दाह आवरणाऱ्या टी पेशींना (एक प्रकारच्या प्रतिकार पेशींना) चालना देतात, काही अस्तराच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवायला मदत करतात. जाता जाताही हे घडू शकते, पण त्यासाठी खाणे नियमित हवे. शिवाय एकाच प्रजातीचे दोन वाण अगदी निराळे वागू शकतात. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ हे म्हणणेही तसे ढोबळच, कारण अतिउत्साही प्रतिकारशक्ती हा स्वतःच एक आजार असतो.

वाणांमधल्या या फरकावरच सगळा वाद उभा आहे. २००१ मध्ये दोन जागतिक संघटनांच्या तज्ज्ञांनी अर्जेंटिनात व्याख्या ठरवली : पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. २०१३ मध्ये बसलेल्या दुसऱ्या एका तज्ज्ञगटाने ही व्याख्या जवळपास तशीच ठेवली, पण कोणते सूक्ष्मजीव आहेत हे निश्चित नसलेले आंबवलेले पदार्थ तिच्याबाहेर काढले. विरजणावर विरजण लावत आलेले आपले घरचे दही या एका ओळीने बाहेर गेले.

हा निर्णय शास्त्राच्या शिस्तीला धरून होता, हे मान्य. कोणता जीवाणू हेच ठाऊक नसेल तर त्याच्या नावावर गुण कसा मांडणार? पण त्याचा अर्थ बाजारात भलताच लावला गेला. घरचे दही तपासून नापास झाले, असे मुळीच नाही. आकड्यांचीही अडचण नाही. योगर्टच्या, म्हणजे ठरावीक जीवाणूंनी लावलेल्या दह्याच्या, आंतरराष्ट्रीय मानकात एका ग्रॅमला किमान एक कोटी जिवंत जीवाणू लागतात, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वाटीत शंभर कोटी. आपल्या देशाच्या २०१६ च्या नियमांत प्रोबायोटिक अन्नासाठी दिवसाला किमान दहा कोटींची अट आहे. अडते ते ओळख पटण्यापाशी. वाण ओळखून त्यावर चाचण्या करायला पैसा लागतो. तो पेय कंपनीकडे असतो, घरात ताक घुसळणाऱ्या बाईकडे नसतो.

मात्र चाचण्या झालेल्या वाणांचे यशही जपूनच सांगावे लागते. कोलकात्याच्या झोपडपट्टीत एक ते पाच वर्षांच्या ३,७५८ मुलांवर झालेल्या अभ्यासात रोज प्रोबायोटिक पेय घेणाऱ्यांमध्ये अतिसार सुमारे १४ टक्क्यांनी कमी दिसला. उपयोग खरा आहे, पण माफक आहे. युरोपच्या अन्न नियामकाने तर प्रतिकारशक्तीचे दावे पुराव्याअभावी एकामागून एक फेटाळले. २०१० मध्ये त्याने मान्य केले ते इतकेच, की योगर्टमधले जिवंत जीवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. कढी उकळली की त्यातले जीवाणू मरतात. टिकावे म्हणून कारखान्यात पुन्हा तापवलेल्या ताकाचे आणि श्रीखंडाचेही तेच होते. चव राहते, जिवंतपणा राहत नाही.

२०१८ मध्ये इस्रायलमधल्या अभ्यासाने प्रोबायोटिकच्या उत्साहाला लगाम घातला. प्रतिजैविकांच्या कोर्सनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळ जीवाणूवस्ती उलट उशिरा सावरली. २०२१ मध्ये अमेरिकेतून आंबवलेल्या अन्नाच्या बाजूने निष्कर्ष आला. ३६ प्रौढांपैकी ज्या गटाने दहा आठवडे असे पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी निगडित १९ प्रथिने घटली. योगर्टबरोबर हा गट केफिर (आंबवलेले दुधाचे पेय), किमची (आंबवलेली कोरियन भाजी) आणि कोंबुचाही (आंबवलेला चहा) घेत होता, त्यामुळे यात दह्याचा वाटा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.