सार्वजनिक जागेतील भीती आणि लिंगभाव (कोल्हापूर)

सार्वजनिक जागेतील भीती : रस्ता, बसस्थानक, बाग, तळ्याचा काठ अशा सर्वांना खुल्या असलेल्या जागी कुणी अंगचटीला येईल, मागे लागेल किंवा हल्ला करील ही धास्ती, तसेच त्या धास्तीपायी बदललेल्या वाटा, वेळा आणि पेहराव. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ गिल व्हॅलेंटाइन यांनी रेडिंग शहरातील स्त्रियांच्या मुलाखतींवरून 1989 मध्ये दाखवले, की धोक्याच्या जागांचा एक नकाशा स्त्रियांच्या मनात असतो आणि दिवस मावळला की तो बदलतो.

भीती आणि नोंदलेले गुन्हे यांचा मेळ मात्र बसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. खून झालेल्यांत पुरुषांची संख्या जास्त असते. तरी धास्ती अनोळखी माणसाची आणि ती बाईलाच अधिक. शिट्टी किंवा टोमणा कुठवर जाईल याचा अंदाज नसतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे घडल्यावर घरातून हमखास येणारा प्रश्न : ‘तू तिथं कशाला गेली होतीस?’ या प्रश्नाच्या भीतीने कित्येक घटना घरीच सांगितल्या जात नाहीत, मग चौकीत कुठल्या?

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत ही गोष्ट काहीशी गुंतागुंतीची आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या भागांत तालमी आहेत आणि त्यांच्या दारात कट्टा. कट्ट्यावरची पोरं भागातल्या पोरीला ओळखतात, त्यामुळे बाहेरचा कुणी तिच्या वाटेला जात नाही. पण ती कुणाच्या गाडीवरून उतरली, किती वाजता आली, हेही तोच कट्टा पाहतो आणि घरी पोचवतो. राखण आणि पाळत यांतले अंतर इथे फार थोडे. भागाबाहेरच्या मुलीला तर त्यातली राखणही मिळत नाही. ती नजर खाली घालून पावले उचलते, नाहीतर पुढच्या गल्लीतून वळसा घेते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना सुटला, की सायलेन्सर काढलेल्या गाड्यांच्या वेळी असाच वळसा पडतो. त्या वळशाचा वेळ आणि रिक्षाचे भाडे कुठल्याच हिशेबात येत नाही.

पन्हाळा, कागल, हातकणंगले या तालुक्यांतून एसटीने शिकायला येणाऱ्या मुलींचा दिवस परतीच्या गाडीला बांधलेला असतो. शेवटचा तास बुडाला तरी चालेल, गाडी चुकायला नको. रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्या बायका बऱ्याच दिसतात, पण बहुधा जोडीने. संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाणारे कुटुंब असते. तळ्याकाठी एकटीने, काही काम नसताना, नुसते बसणे दुर्मीळ. पुरुषाला तिथे बसायला कारण लागत नाही.

‘छेडछाड’ हा रोजचा शब्द गुन्ह्याला थट्टेच्या जवळ नेऊन ठेवतो. कायद्यात 2013 च्या दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये आहे, तर स्त्रीच्या विनयाचा अवमान करण्याच्या हेतूने केलेले शब्द व हावभाव कलम 79 मध्ये. पोलिसांची निर्भया पथके कॉलेजांभोवती फिरतात. पथक दिसले की पोरं पांगतात आणि गेले की पुन्हा जमतात. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक आहे.

अंधारालाच सगळा दोष देणाऱ्यांनी नवरात्रातला महाद्वार रोड पाहावा. अंबाबाईच्या दर्शनाला भल्या पहाटे, उजाडायच्या आधी, अनवाणी बायकांच्या रांगा चाललेल्या असतात. लेकीसुना, म्हाताऱ्या, कडेवर मूल घेतलेल्या. रस्ता तोच आणि काळोखही तोच. दसरा झाला, की त्याच वेळी त्याच रस्त्यावर एकटी बाई दिसली तर दूधवालाही वळून बघतो.