उघाडी, डायोड आणि हवेतली वीज

खाडीकाठच्या खारेपाटातल्या भाच्याने परवा एक व्हिडिओ पाठवला. फोनच्या पाठीवर स्टिकर लावा, हवेतल्या रेडिओ लहरींवर फोन चार्ज. "मामा, खरं का हे?" लहरींतून वीज मिळते हे खरं, फोन चार्ज होतो हे खोटं.

हिशोब करू. मोबाइल टॉवर म्हणजे चहूकडे सारखा फाकणारा 1000 वॉटचा दिवा समजा. 200 मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 0.2 मायक्रोवॉट पडतात (मायक्रोवॉट म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग). दुपारचं ऊन याच्या पाच लाख पट. तळहाताएवढ्या अँटेनाच्या वाट्याला येतात फक्त 20 मायक्रोवॉट.

खरी गंमत पुढे आहे. ही लहर सेकंदाला 90 कोटी वेळा मागेपुढे होते आणि साठवायला एकाच दिशेची वीज लागते. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधातली उघाडी, म्हणजे फळीचं दार, आठवा. ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून खाडीत जातं, भरतीला खाडीच फळी दाबून बंद करते. डायोड ही विजेची उघाडी, वीज एकाच दिशेने सोडणारा छोटा भाग. पण फळीला वजन असतं, बारीक लाटेने ती उचलत नाही. सिलिकॉन डायोड नीट उघडायला 0.6 व्होल्ट लागतात, शॉटकी नावाच्या हलक्या फळीच्या डायोडला 0.2 ते 0.3. आपल्या अँटेनात 0.05 व्होल्टही नाहीत! विजेच्या एवढ्याशा दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, डायोड दोन्हीकडे झिरपतो, एका बाजूला किंचित जास्त. तो फरक हीच आपली कमाई. लहरीचा दाब निम्मा झाला, की हाती येणारी वीज थेट सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून आधी कॉइल आणि कपॅसिटर जोडून, झोपाळ्याला ताल धरून झोके द्यावेत तसा, दाब वाढवून घेतात.

एवढं करून पाव हिस्सा हाती येतो, 5 मायक्रोवॉट. फोनची बॅटरी भरायला साडेतीनशे वर्षं.

मग उपयोग काय? चांदीच्या सूक्ष्म कणांच्या शाईने असा अँटेना साध्या कागदावर इंकजेटने छापता येतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात मानोस टेंट्झेरिस यांच्या गटाने 2011 मध्ये ते दाखवलं. डायोड मात्र सहसा वेगळा चिकटवावा लागतो, कारण डायोड ज्यापासून बनतो ते अर्धवाहक छापले तर एवढ्या वेगाला पुरे पडत नाहीत. आणि खाऱ्या वाऱ्यापासून वाचवायला वर प्लास्टिकचा थर हवाच.

दहा मिनिटं साठवलं तर 3 मिलिज्यूल होतात. शेतातल्या चिखलात रोवलेल्या दोन तारांमधून पाण्याचा खारेपणा एकदा मोजायला आणि जवळच्या रिसीव्हरला छोटासा निरोप धाडायला तेवढे पुरतात, सेल बदलायची कटकट नाही. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडते आणि खारं पाणी आत शिरल्याचं आमच्याकडे सकाळी कळतं. भाच्याला म्हटलं, फोनचं सोड, हे करून बघू.